बावीस विती

"भोक कुठाय ते सांग आधी," दस्तगीरचाचा म्हणाले.

"भोक नाहीच, चाचा. होती ती बुजवली. तेच दाखवायला ट्रक आणलाय."

"मग माझ्याकडं काय हार घालून घ्यायला आलास?"

विश्वजीत केंगार हसला. हसला म्हणजे नुसते दात दाखवले. कारखान्यात त्याला साहेब म्हणतात. असं कुणी बोललेलं त्याला सवयीचं नव्हतं.

ट्रक जंगलखात्याचा. चारी चाकांनी ओढणारा, चिखल असो, ओढा असो. विश्वजीतच्या जन्माआधीचा. त्याचे वडील, आबा, यांनी तो सव्वीस वर्षं आंबा घाटाच्या जंगलात चालवला. मग लिलाव झाला, आणि ट्रक कुणाच्या तरी शेडमागं जाऊन कोंबड्यांचं खुराडं झाला. विश्वजीतनं तो हुडकून काढला, कोंबड्या हाकलल्या, आणि चौदा महिने एक रविवार घरात काढला नाही. इंजिन केलं. ब्रेक केले. राहिली चासी. म्हणजे ज्या दोन लांब लोखंडी तुळयांवर अख्खा ट्रक बसतो, ती. ती गंजून गेली होती. तीही त्यानं स्वतःच केली. पत्रे लावले, वेल्डिंग मारलं, वर काळा चकचकीत रंग, तीन हात.

येत्या रविवारी आबांना शेजारी बसवून घाट चढायचा, असं ठरलं होतं. आबांचं वय ऐंशीला टेकलेलं, गुडघे कामातून गेलेले. रोज सकाळी चहाच्या आधी एकच विचारायचे, "कधी?"

विश्वजीतला फक्त 'काम झकास झालंय' एवढं ऐकायचं होतं. आणि पेठनाक्यापासून पार कोल्हापूरपर्यंत तसं म्हणावं तर ते दस्तगीर शिकलगारानंच. म्हाताऱ्यानं पन्नास वर्षं ट्रकांच्या चाशा सरळ केल्या होत्या. माणूस मात्र सरळ बोलत नव्हता.

चाचांच्या सदऱ्याच्या खिशात फोन वाजायला लागला. वाजून वाजून गप झाला. चाचांनी हातसुद्धा लावला नाही.

माजोरी आहे म्हातारा, विश्वजीतच्या मनात आलं.

"वाकून बघा तरी एकदा, चाचा."

"माझी कंबर वाकत न्हाई. तूच बघ." चाचांनी फळीवरची एक लहान हातोडी त्याच्या हातात दिली. तिचं एक टोक चपटं, एक अणकुचीदार. "चपट्या बाजूनं. डाव्या तुळईला पुढनं सुरू कर. वीत वीत मोजत जायचं, दर वितीला एक घाव. आणि आकडा मोठ्यांदा म्हणायचा. शाळंत पाढं म्हणतात तसा."

"रंग उडेल."

"उडू दे की. तुझ्याकडं डबा असंल अजून."

चाचा एका पालथ्या डब्यावर बसले. ट्रककडं पाठ करून. ओच्यातल्या भुईमुगाच्या शेंगा फोडायला लागले.

हा कसला तपास, विश्वजीतला कळेना. पण कुतूहल होतंच. तो ट्रकखाली सरकला.

"एक." ठण्. "दोन." ठण्. "तीन." ठण्.

लोखंड घंटेसारखं वाजत होतं. त्याला बरं वाटलं.

"दहा." ठण्. मध्येच घसा खाकरला. "अकरा." ठण्. "बारा." ठण्.

बावीस विती झाल्या. मग उजवी तुळई. तिथं खाली धूळ फार, त्यामुळं 'सहा' जरा तोंडातल्या तोंडात झालं. शेवटी शेवटी हात भरून आला होता, म्हणून अठरा, एकोणीस, वीस त्यानं भराभर उरकले.

"बावीस. झालं, चाचा."

चाचांनी टरफलं झटकली. वळले नाहीत.

"डावी अकरा."

विश्वजीतनं ट्रकखालूनच मान वळवून डाव्या तुळईची अकरावी वीत बघितली.

"तिथं काय केलंयस?"

"पत्रा लावलाय. चांगला जाड आहे."

"गंज खरवडून, का गंजावरच?"

"गंजावरच."

"उजवी सहा. तिथंबी तेच?"

"तेच."

"आणि उजवी एकोणीस."

आता मात्र विश्वजीत ट्रकखालून बाहेर आला. "नाही. तिथं चुकलात. एकोणीसला मी काहीच केलेलं नाही."

"का न्हाई केलंस?"

विश्वजीतनं सगळं सांगून टाकलं. तिथं आडवा जोड होता. त्याच्या मागचं बघायचं तर मागचा सगळा हौदा उतरवायला लागला असता. पंधरा दिवस गेले असते. आणि आबा रोज विचारत होते.

"बापाचं वजन किती?" चाचांनी विचारलं.

"पंचावन्न असेल. फार वाळलेत."

"तेवढ्या वजनाचा घाव तरी मार एकोणीसला. टोकाच्या बाजूनं."

तो पुन्हा आत शिरला. हातोडी उलटी धरली. एक घाव घातला, अर्ध्या जिवानं. मग एक नीट घातला.

ठण् झालं नाही. टोक आत गेलं आणि तिथंच राहिलं. ओढून काढलं तशी तपकिरीसारखी भुकटी त्याच्या मनगटावर सांडली. भोकातून पलीकडचा उजेड दिसत होता.

बाहेर चाचांच्या शेंगा फुटतच होत्या.

"रविवारी त्यांना काय सांगू?" ट्रकखालूनच विश्वजीत म्हणाला.

"सांगायचं कशाला? हितं घिऊन ये. हौदा उतरवताना कुठला नट कुठं अडतो, ते तुला ठाव न्हाई. त्यास्नी असंल. खुर्ची हाय माझ्याकडं."

विश्वजीत बाहेर येऊन चाचांच्या समोर उकिडवा बसला. हातातली हातोडी त्यानं खाली ठेवली नव्हती.

"एक विचारू? मीही कान देऊन होतो. मला तर अकरा काय, सहा काय, एकोणीस काय, सगळीकडं सारखंच वाजल्यासारखं वाटलं. तुम्ही तर पाठ करून बसला होता. लोखंडाच्या आवाजात तुम्हाला असं वेगळं काय ऐकू आलं?"

चाचांनी शेंग फोडली. दोन दाणे निघाले, एक त्याच्या तळहातावर ठेवला.

खिशातला फोन पुन्हा वाजायला लागला. चाचा निवांत दाणा चावत होते.

"चाचा... तुमचा फोन वाजतोय."

"व्हय?" चाचांनी तो बाहेर काढला, लांब धरून बघितला आणि परत खिशात टाकला.

"ठणठण, असला चढा आवाज मला ऐकू येत न्हाई, पोरा. धा-बारा वर्सं झाली. मी आपलं तुझं मोजणं ऐकत हुतो."