उघडी झडप

एकदा काय झालं, एका विद्यापीठात फिजिक्स शिकवणारे एक म्हातारे सर होते. मोठा ज्ञानी माणूस, पण तोंडातनं शब्द निघायचा तो तोलून. एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला पोरांना एकेक वाट धरायला लागते. कुणी इलेक्ट्रॉनिक्स धरतं, कुणी अणूच्या मागं लागतं. सरांची वाट बायोफिजिक्सची. म्हणजे जित्या जिवाला फिजिक्स लावून बघायचं. पेशी ताण किती सोसते, हलते कशानं, एकीच्या दोन होतात कशा, असलं सगळं.

त्या वाटेला हणमंत नावाचा एक पोरगा गेला. त्याचा थोरला भाऊ म्हणाला, "येड्या, पेशीच बघायच्या होत्या तर डॉक्टर व्हायचं होतंस! फिजिक्समध्ये कशाला डोकं फोडलंस?" हणमंतानं ऐकलं न्हाई. त्याला सरांच्या हाताखाली पुढं संशोधन करायचं होतं. पण सरांचं वय झालेलं. आता एकच विद्यार्थी घेणार म्हणाले. आन् वर्गात होती रेश्मा मुजावर, तिलाबी तीच जागा पाहिजे होती.

सरांनी दोघांना काम लावलं. पाव ज्यानं फुगतो तो यीस्टचा बारीक जीव, त्याला चमकणारा रंग लावायचा. सूक्ष्मदर्शकात निळा उजेड सोडला की पेशी हिरवी लखलखते. उजेडाला एक झडप. झडप उघडायची, फोटो घ्यायचा, झडप लावायची. थोडं थांबून परत तेच. एका पेशीच्या दोन होईस्तवर अख्खी फोटोंची माळ जमवायची. ज्याची माळ चांगली, त्याची जागा.

रेश्माच्या पडद्यावर पेशी अशी उठून दिसायची, जशी काय आत्ताच न्हाऊन आली. पोरं गोळा व्हायची. "रेश्मे, भारीच की गं!" ते ऐकलं की हणमंत जळायचा. आन् त्याच्या पडद्यावर? आधी हिरवं, मग फिकट, मग काळं. पेशी वाढायचीच थांबायची.

तो तरातरा सरांकडं गेला. "सर, तिला चांगलं यंत्र दिलंय तुम्ही. रंगसुद्धा तिचा ताजा. माझ्या वाट्याला भंगार."

सर म्हणाले, "बरं. उद्यापासून तू तिच्या टेबलावर बस. तिनं तयार केलेल्या पेशीसुद्धा तूच घे. रेश्मा, तू त्याचं सगळं घे."

"सर, हे काय?" रेश्मा भडकली. "रात्रंदिवस राबून मी तयार करायचं आन् ह्यानं आयतं खायचं?"

"माझं ऐक, बाई," एवढंच सर बोलले.

वर्गाला कोडं पडलं. हणमंत मात्र फुगला. दुसऱ्या दिवशी तिच्या खुर्चीत ऐटीत बसला. सर मागं स्टूल टाकून बसले. पहिला फोटो झकास आला. एवढ्यात तिकडनं कुणीतरी ओरडलं, "आयला, भंगारातबी हिनं सोनं काढलं!" हणमंताची मान गर्रकन वळली, ती वळलेलीच राहिली. परत आपल्या पडद्याकडं बघितलं तर पेशी विझत आलेली.

त्यानं टेबलावर मूठ आपटली. "काय करणी केलीय का काय हिनं!"

सर उठले. त्यांनी हात लांब करून झडप लावली. हणमंत त्या झडपेकडं बघतच राहिला. झडप तोवर सताड उघडी होती.

"हणमंता," सर म्हणाले, "उजेड पेशीला नुसता दाखवत न्हाई, मारतोसुद्धा. पापणी लवंस्तवरचाच उजेड तिला सोसतो. तू आपल्या पेशीवर आग सोडतोस आन् मान वळवतोस दुसऱ्याच्या टेबलाकडं. रेश्माचं काही वाकडं होत न्हाई. मरतं ते तुझंच."

"मग सर, आधीच का न्हाई सांगितलं?"

"आधी सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास, तिचं यंत्र चांगलं, वर सर तिचीच बाजू घेतात. तुझ्याकडची कारणं आधी काढून घ्यायला लागली. आता तुझ्यापाशी एकबी उरलं न्हाई."

हणमंताचे कान तापले.

जागा रेश्मालाच मिळाली. मिळायलाच पाहिजे होती. त्या दिवशी हणमंताला जेवण गेलं न्हाई, आन् खोटं कशाला सांगू, गेलं न्हाई ते मत्सरानंच. असली गोष्ट एका भाषणानं जात नसती.

पण परीक्षेपुरती तरी माळ पुरी करायची म्हणून तो परत बसला. पलीकडं पोरांचा गलका उठला. मान वळाया लागली. त्यानं आधी झडप लावली. मग उठून सरळ रेश्माच्या टेबलापाशी गेला, पडद्यावर वाकला आन् पोटभर बघितलं. तिची पेशी मधोमध आवळत आलेली.

"आता दुभागंल," तो म्हणाला.

"हां," रेश्मा म्हणाली, "आन् तुझी?"

"बघतो जाऊन," म्हणाला, आन् आपल्या जागेवर येऊन बसला.