बेचाळीस खिळे

शके १७९८, आषाढाचा वद्य पक्ष. समुद्र बंद झाला होता. वाघखोल बंदरात इस्माईल नाखव्याच्या नव्या गलबताचे काम चालले होते. ते काम रवळू मेस्ताच्या हाती होते.

रवळू मेस्त हा गलबते बांधणारा सुतार. त्याच्या घराण्याची एक रीत होती. कामाचा नारळ फुटण्याआधी मेस्ताने लागेल ते सगळे सामान एका दमात सांगायचे. लाकूड इतके, राळ इतकी, तांबे इतके. पुन्हा मागायचे नाही. जो दुसऱ्यांदा मागेल त्याची नजर गेली, असे लोक म्हणत. तीस वर्षांत रवळूने दुसऱ्यांदा काही मागितले नव्हते.

लाकडाला किडा लागू नये म्हणून या गलबताच्या बुडाला तांब्याचा पत्रा बसायचा होता. पत्रा तांब्याचा, तर त्याखालचे खिळेही तांब्याचेच, हा नेम. पण शेवटच्या फळ्या सुकाणाच्या खांबाला जोडताना तांबे संपले. बेचाळीस खिळे कमी पडत होते. समुद्र उघडेपर्यंत मुंबईहून माल येणार नव्हता. थांबायचे, तर नाखव्यापुढे दुसऱ्यांदा तोंड उघडायला हवे.

रवळूने लोखंडाचे खिळे ठोकले.

गावचा गणू तांबट पत्रा वाकवायला आला होता. त्याने ते पाहिले.

"मेस्त, खाऱ्या पाण्यात तांबं नि लोखंड एकमेकांना चिकटून राहिलं, की तांबं लोखंडाला खातं."

"तू हंडे ठोक, तांबटा. गलबत मला शिकवू नकोस. हंडा गळला तर फार तर चूल विझते."

"चूल पुन्हा पेटवता येते," गणू म्हणाला, आणि पत्रा वाकवू लागला. दुसऱ्याच्या कामात याहून जास्त बोलायची त्या गावात रीत नव्हती.

रवळूने खिळ्यांच्या डोक्यांवर राळ थापली. वरून पत्रा बसला. तो असा झळकला, की आत काय आहे हे विचारायचे कुणाला सुचले नाही. नारळी पौर्णिमा झाली, गलबत पाण्यात उतरले. नाखव्याने भर बंदरात रवळूला पागोटे बांधले. रवळूने ते बांधून घेतले.

पौषात गलबत परत आले.

"मागच्या अंगाला थोडं पाणी येतं, मेस्त," नाखवा म्हणाला. "नवं लाकूड आहे, फुगेल. तरी एकदा बघा. उद्याच्या भरतीला कौलं भरून निघायचंय. अकरा माणसं आहेत. त्यांत माझे दोन मुलगे."

ओहोटीला गलबत वाळूवर टेकले. रवळू एकटाच बुडाखाली शिरला. पत्र्यावर ओरखडासुद्धा नव्हता. त्याने पत्र्याची कड उचकटली. राळेला केसाएवढी फट पडली होती. त्या फटीतून समुद्र आत शिरला होता आणि तिथेच बसला होता. उघड्यावरचे पाणी येते आणि जाते. फटीतले पाणी खात बसते.

त्याने एका खिळ्याला चिमटा लावला. ओढावे लागलेच नाही. डोके हातात आले. खाली काळातांबडा चिखल होता. दुसऱ्याचे तेच. तिसरा सुईएवढा उरला होता. पत्रा मात्र जसाच्या तसा. एवढ्या मोठ्या तांब्याने एवढेसे लोखंड गिळून टाकले होते.

पाहणारे कुणी नव्हते. पिशवीत राळ होती. ती भरली असती, तर पाणी एका खेपेपुरते थांबले असते. मग भर समुद्रात फळ्या सुटल्या असत्या, तर दोष वाऱ्याच्या माथी गेला असता. बुडालेल्या गलबताचे खिळे कोण तपासतो?

वर वाळूवर नाखवा खलाशांना सांगत होता, "मेस्तांनी हात लावलाय. आता बघायला नको."

रवळूने ते ऐकले. राळेची पिशवी तिथेच टाकून तो बाहेर आला. खिळ्यांची तीन डोकी त्याने नाखव्यापुढे धरली.

"तांबं मी कमी सांगितलं होतं. बेचाळीस खिळे लोखंडाचे मारले आणि वरून झाकले. हे उद्या निघालं तर परत येणार नाही."

एक म्हातारा खलाशी म्हणाला, "आषाढात सांगितलं असतंत, तर चार शब्द ऐकावे लागले असते. एवढंच ना?"

"तेवढेच नको होते," रवळू म्हणाला.

नाखव्याने ती डोकी तळहातावर घेतली. बोटांत धरताच एकाचा भुगा झाला. "माझी पोरं यावर चढली होती, मेस्त," तो म्हणाला. मग भुगा झटकून म्हणाला, "आता मागा. दुसऱ्यांदा मागा."

"मागत नाही. हे देणं माझं आहे."

रवळू घरी गेला. त्याने लग्नातले घंगाळ आणि दोन हंडे काढले.

"अंघोळीला काय?" बायकोने विचारले.

"मडकं."

भांडी डोक्यावर घेऊन तो भर बाजारातून गणूच्या दारी गेला. "तांबटा, यांचे बेचाळीस खिळे कर."

गणूने घंगाळावर टिचकी मारून पाहिली. "मेस्त, हंडे ठोकायला तुम्हीच सांगितलं होतंत. आता मोडायला सांगता?"

"सांगतो."

"मग बसा. भाता ओढा."

रवळूने भाता ओढला.

गलबत चार दिवस अडले. रवळूने पत्रा सोलला, कुजलेले लोखंड उकरून काढले आणि तांब्याचे खिळे ठोकले. ते झाकण्याआधी त्याने नाखव्याला बुडाखाली बोलावले. नाखव्याने वाकून एकेक खिळा हाताने चाचपला. बेचाळीस भरले. देणे फिटले.

तात्पर्य: झाकलेली चूक फटीतल्या खाऱ्या पाण्यासारखी आतून खात बसते; मान खाली घालावी लागली, तरी ती आपल्याच हाताने वेळेवर उघडी करावी.