सशाच्या कानांएवढं कुंपण

फार जुन्या काळी माळावरच्या वस्तीत एक नियम होता. ससा अंगणात बसला की त्याचे कान शेजाऱ्यांना दिसले पाहिजेत, कुंपण त्याहून उंच नको. संकट आलं तरी ससा ओरडत नाही, नुसते कान ताठ करतो. ते पाहूनच शेजारी धावत.

भुरक्या सशाला हे पटेना. "माझ्या अंगणात मी कान वर करीन नाहीतर खाली, लोकांना काय करायचंय?" त्यानं चांगली उंच दगडी भिंत घातली.

"अरे, नियम तुझ्यासाठीच आहे," शेजारची साळिंदरकाकू म्हणाली. पण ऐकतो कोण!

भिंत कोल्ह्यालाही आवडली. एका दुपारी दगडांवर पाय देत तो आत उतरला. भुरक्यानं कान ताठ केले, आणखी ताठ केले. पलीकडे काकू निवांत कंद खात होती. शेवटी भुरक्या पाणी जायच्या भोकातून कसाबसा निसटला, पण शेपूट कोल्ह्याच्या तोंडातच राहिलं.

संध्याकाळी भुरक्या भिंतीचे दगड उतरवू लागला.

"किती उतरवणार रे?" काकूनं विचारलं.

भिंतीआडून आवाज आला, "तू तिथूनच बघत राहा, काकू. माझे कान दिसले की सांग."