देवीची पैठणी आणि बाईंची पेटी

आता गंमत ऐका. रेवती ज्यांच्याकडे गाणं शिकली त्या बाई गेल्या, आणि त्यांची बाजाची पेटी फिरत फिरत अण्णासाहेब दिवेकरांच्या जुन्या वस्तूंच्या दुकानात आली. अण्णासाहेब म्हणजे देवीच्या देवळाचे अध्यक्ष, रुबाब विचारू नका. त्यांनी पेटी ऑनलाइन लिलावात काढली. रेवतीची बोली सगळ्यात वरची ठरली, लिलाव बंद झाला, आणि सकाळी मेसेज आला, 'विक्री रद्द. किंमत फारच कमी आली.'

ती दुकानात गेली तर म्हणतात, "पोरी, वस्तू माझ्याकडे आहे तोवर माझीच. जा कोर्टात."

बाईंची पेटी आता कुणाच्या तरी शोकेसमध्ये जाणार, हे तिला फार लागलं.

नवरात्रानंतर देवळात देवीच्या साड्यांचा लिलाव असतो आणि बोली पुकारायला माइक रेवतीकडेच असतो. अण्णासाहेबांना सुनेसाठी पैठणी हवी होती. अध्यक्षांच्या बोलीवर बोली लावायला कुणी धजेना.

"एक वार, दोन वार, तीन वार," रेवती म्हणाली. अण्णासाहेबांनी हात पुढे केला, तर तिनं पैठणी मागे घेतली. "विक्री रद्द, अण्णा. किंमत फारच कमी आली."

"असं कसं? तीन वार झाले."

"पण साडी अजून माझ्याकडेच आहे ना."

"असली म्हणून काय झालं? लिलाव संपला की वस्तू घेणाऱ्याची. कायदाच आहे तसा."

माइक चालू होता. अख्ख्या देवळानं ऐकलं.

रेवतीनं पैठणी त्यांच्या हातात दिली. "बरोबर बोललात. मग लिलावात घेतलेली बाईंची पेटी न्यायला कधी येऊ?"

सगळे अण्णासाहेबांकडे बघत होते. त्यांनी खिशातून दुकानाची किल्ली काढली.