खिंडीतला 'हो'

त्या डोंगराळ मुलखात पाहुण्याला 'नाही' म्हणणं महापाप. त्यामुळे तिथे "हाच का रस्ता?" असं कधी विचारू नये, "कुठला रस्ता?" असं विचारावं. पाठीवर सॅक टाकून एकटी हिंडणाऱ्या उर्मी केळुसकरला हे ठाऊक होतं.

धुक्यात खिंडीपाशी दोन वाटा फुटल्या. मधोमध जरीचा अंगरखा घातलेला जहागीरदार बसला होता. एवढ्या थंडीत त्याच्या तोंडातून वाफ निघत नव्हती. आसपास बेवारस सॅक विखुरल्या होत्या.

"'कुठला रस्ता?' असं विचारू नकोस," तो गुरगुरला. "मी फक्त 'हो' म्हणतो. लोक कड्याकडे बोट दाखवून विचारतात, 'गाव इकडेच ना?' तरी 'हो'च. जिवंतपणी कुणाला 'नाही' म्हटलं नाही, आता मेल्यावर कशाला म्हणू?"

उर्मीने सॅक उतरवून त्याच्या पुढ्यात ठेवली. "जहागीरदारसाहेब, ही उचलून मला गावाच्या वेशीपर्यंत सुखरूप सोडाल ना?"

त्याने 'नाही' म्हणायला तोंड उघडलं, पण जन्माची सवय मोडेना. शेवटी "हो," असं कण्हत त्याने सॅक उचलली.

वेशीवर त्याने ती खाली ठेवली, तेव्हा तिचे पट्टे बर्फासारखे गार पडले होते.

"पुन्हा येशील ना?" त्याने आशेने विचारलं.

उर्मी काही त्या मुलखातली नव्हती.

"नाही," ती म्हणाली.