कोरडे मोजे

दोन महायुद्धांच्या मधल्या काळात इंग्लंडातल्या एका गिरणगावात विल्फ्रेड नावाचा धावपटू राहत होता. त्याची शर्यत मोठी अवघड. नुसतं पळायचं नाही. वाटेतले लाकडी अडथळे ओलांडायचे, आणि दर फेरीला पाण्याचा एक रुंद खड्डाही.

हा पठ्ठ्या अख्खा खड्डा एका उडीत पार करी. पायाला थेंब लागू देत नसे! लोक ती उडी बघायला खड्ड्यापाशीच गर्दी करत आणि टाळ्यांचा कडकडाट करत. शेजारचा हर्बर्ट मात्र खुशाल एक पाय पाण्यात टाकी, चिखल उडवी, लोकांना हसवी आणि पुढे पळे. शर्यत हर्बर्टच जिंकी. विल्फ्रेड कायम दुसरा.

"नशीबच फुटकं," तो म्हणे. नशिबाचा काय संबंध, बाबांनो? एवढ्या लांब उड्या मारून शेवटच्या फेरीत गड्याचा दमच संपत असे. पण टाळ्या वाजत असल्या की दुसरं काही ऐकू येतं का?

अशी वर्षं गेली. देशाच्या संघासाठी निवडीची शर्यत ठरली. पहिला येईल तोच संघात. विल्फ्रेडचं वय होत आलं होतं. ही संधी शेवटचीच. आदल्या दिवशी तो अंगणात तोंड पाडून बसला. बायको मेबल कपडे वाळत घालत होती.

"अहो, तुमचे मोजे पाहा," ती म्हणाली. "लग्न झाल्यापासून चिखलाचा एक डाग नाही. आणि हर्बर्टच्या दोरीवर पाहा, डागच डाग. पण चषक कुणाच्या घरात आहेत?"

"पाण्यात पाय टाकला तर लोक हसतील गं!"

"हसू देत की! हसणारे खड्ड्यापाशी उभे असतात. पंच शेवटच्या रेषेपाशी."

दुसऱ्या दिवशी पहिल्याच फेरीत विल्फ्रेडने मुद्दाम पाय पाण्यात टाकला. छपाक!

"अरेरे, म्हातारा झाला!" लोक खो खो हसले. त्याचे कान लाल झाले. पुढच्या फेरीला वाटलं, एकच उंच उडी मारून यांची तोंडं बंद करावीत. फार फार वाटलं. पण त्याने दात-ओठ खाल्ले आणि पुन्हा पाय भिजवला. शेवटच्या फेरीत पाहतो तर काय, छातीत दम शिल्लक! रेषेच्या अलीकडेच त्याने हर्बर्टला गाठलं आणि वीतभर पुढे निघाला.

हर्बर्टने त्याला मिठीच मारली. "अरे लेका, इतकी वर्षं होतास कुठे?"

चिखलाचे मोजे पिळत विल्फ्रेड हसला. "हवेत!"

तात्पर्य: टाळ्या हव्या असतील त्याने उंच उडी मारावी, पोचायचं असेल त्याने पाय भिजवायला लाजू नये.