पत्र्याचा साचा

चिनी मातीचे इन्सुलेटर बनवणाऱ्या कारखान्यात संचालक राजाध्यक्षांनी हेमांगी दाभाडेचा अहवाल सगळ्यांसमोर टेबलावर आपटला. गोल इन्सुलेटरवर विजेचा ताण कुठे किती पडतो, हे तिने संगणकावर फक्त त्याच्या उभ्या अर्ध्या कापावरून काढलं होतं.

"वस्तू गोल आणि गणित सपाट? हा कामचुकारपणा आहे. उद्यापासून येऊ नका."

"साहेब, खाली चाकावर फिरणाऱ्या मातीला धोंडूमामा कशाने आकार देतात?"

"पत्र्याच्या साच्याने. त्याचं काय?"

"तोही सपाटच आहे, अर्ध्या कापाएवढा. माती फिरते, म्हणून चहूबाजूंनी सारखाच आकार येतो. माझं गणितही तसंच फिरतं. मग मामांनाही उद्यापासून येऊ नका म्हणू?"

राजाध्यक्षांनी अहवाल मंजूर करायला, सहीसाठी पेन शोधलं. तेही हेमांगीनेच दिलं.